बेरिंग नवं, घरघर जुनीच: जुन्या जीपचं व्हील बेरिंग घरी बदलताना

‘बेरिंग बदललं, तीन महिन्यांत पुन्हा आवाज सुरू.’ जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप बाळगणाऱ्या वाचकांकडून ही तक्रार सतत येते. पाठोपाठ बाकीचे प्रश्नही ठरलेले असतात. हे काम घरी जमेल का? नंबर कुठला मागायचा? सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाक खोललं तर सेक्रेटरी हरकत घेतील का? गॅरेजवाल्याने माल बदललाच नसेल तर दाद कुठे मागायची?

ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण भागात एमएच-०५ नंबरच्या अशा जीप अजून बऱ्याच आहेत. आठवडाभर नाइन्टी फीट रोडवरच्या सोसायटीत उभ्या राहायच्या आणि सुट्टीला मुरबाड, माळशेज, शहापूरकडे निघायचं, असा त्यांचा शिरस्ता. हा लेख त्यांच्या मालकांसाठी आहे. त्यातही महिंद्राच्या लीफ स्प्रिंगवाल्या जुन्या जीप, म्हणजे सीजे-३बीपासून एमएम ५४० पर्यंतची पिढी, डोळ्यांसमोर आहे. या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेरिंगं असतात, ती हातानं निघतात आणि हातानंच बसवता येतात. नव्या गाड्यांमधल्या प्रेसने बसणाऱ्या सीलबंद बेरिंगचं काम घरचं नाही, त्याचा नाद सोडा.

तीन महिन्यांत आवाज परत येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा बेरिंगचा नसतो. नट चुकीचा आवळलेला असतो किंवा जुनं ऑइल सील तसंच ठेवलेलं असतं. म्हणून पुढे सुटे भाग काढण्याबद्दल कमी आणि नटाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आवाज बेरिंगचाच आहे ना?

बेरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते. गिअर बदलला, क्लच दाबला तरी ती थांबत नाही. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे घेतलं की वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातं. डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजव्या चाकाचा संशय घ्या, उजवीकडे वळताना वाढली तर डाव्याचा. जाड नक्षीचे मड टायर टाकले असतील तर तेही गुणगुणतात. मात्र डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर टायरचा आवाज बदलतो, बेरिंगचा तोच राहतो. दोन्ही प्रकारचे पट्टे असलेल्या रस्त्यावर ही परीक्षा आयती होते.

मग चाक जॅकवर उचला. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. ‘खट्’ असं लागलं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर हबमधलं बेरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंगपिन झिजलेली आहे, आणि त्याचा खर्च वेगळा. कित्येक गाड्यांना किंगपिनच्या खटखटीसाठी व्हील बेरिंगं बसवली जातात, ती या दोन मिनिटांच्या परीक्षेअभावी. टायर डावीकडून-उजवीकडून हलवताना खटखट लागली तर आधी टायरॉडचे एंड पाहा.

फट लागली म्हणजे बेरिंग बदलायलाच हवं, असंही नाही. हात लावून चाक फिरवा. खरखर नसेल, नुसती फट असेल, तर हब उघडून धुणं, नवं ग्रीस, नवं सील आणि नटाचं नीट सेटिंग एवढ्यावर भागू शकतं.

घरी काय करायचं, काय नाही

- पुढचं चाक: घरी करण्यासारखं काम आहे. पहिल्यांदा करत असाल तर एका चाकासाठी पूर्ण दिवस मोकळा ठेवा.
- मागचं चाक: घरी नको. मागच्या बेरिंगची आतली रेस बहुतेक गाड्यांत ॲक्सल शाफ्टवर दाबून बसवलेली असते. ती काढायला पुलर आणि बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. काही ॲक्सलना शिम घालून फट जुळवावी लागते. शाफ्ट स्वतः काढून नेता आला तर डोंबिवली एमआयडीसीतल्या लेथ-वर्कशॉपमध्ये प्रेसचं काम करून मिळतं. फक्त तिथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, हे लक्षात ठेवा.
- स्पिंडलवर जळून चिकटलेली रेस: घरी गॅसच्या ज्वाळेने तापवू नका. स्पिंडलचं पाणी उतरतं आणि तो पुढे कधीतरी दगा देतो.

जागा आणि सोसायटी

स्वतःच्या पार्किंगमध्ये चाक खोलण्याबद्दल काही सोसायट्यांचे नियम स्पष्ट असतात, काहींचे मुळीच नसतात. कमिटीला आधी दोन ओळींचं पत्र द्या: कोणत्या दिवशी, किती वेळ, आणि खाली ताडपत्री अंथरणार आहात. वाद कामाचा नसतो, फरशीवरच्या काळ्या डागांचा असतो. पोडियमचा उतार आणि पेव्हर ब्लॉकची जमीन या दोन्ही जागा जॅकसाठी वाईट. उतारावर काम करूच नका. पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा, नाहीतर स्टँडचा पाय हळूहळू रुततो.

गाडी कधीही विटांवर टेकवू नका. वीट तडकल्याचं कळेपर्यंत गाडी खाली आलेली असते. नुसत्या जॅकच्या भरवशावरही काम नको. ॲक्सलखाली पक्का स्टँड आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसमागे प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे तो हँडब्रेक गाडी धरत नाही. एका वाचकाने विचारलं होतं, ‘हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये ठेवलीय, मग ओट कशाला?’ ओट याच्यासाठी.

सामान आणायला कधी निघायचं

इथे बरेच जण उलटा क्रम धरतात. आधी बेरिंग आणतात, मग हब उघडतात, आणि निघतो वेगळाच नंबर. पन्नास-साठ वर्षांत गाडीचा ॲक्सल, हब कुणी कधी बदलला हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. विलिसच्या मूळ रचनेतल्या सीजे-३बीच्या हबला आतलं आणि बाहेरचं दोन्ही बेरिंगं एकच लागतात: कोन (रोलरसह आतला भाग) १८५९० आणि कप (बाहेरची रेस) १८५२०. नंतरच्या मॉडेलांत हे बदललेलं असू शकतं. म्हणून शनिवारी सकाळी हब उघडा, जुनी बेरिंगं धुवा, कोन आणि कप या दोन्हींच्या कडेवर कोरलेले आकडे वाचा, मोबाइलवर फोटो काढा आणि मग निघा. कोन आणि कप नेहमी जोडीने बदलायचे. जुन्या कपात नवा कोन म्हणजे तीन महिन्यांत घरघर.

कल्याण-डोंबिवलीत बेरिंगची दुकानं आहेत, तिथे आधी विचारा. नाही मिळालं तर मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. ठाकुर्लीहून सीएसएमटीची स्लो लोकल धरलीत की न बदलता मशीद बंदर स्टेशनला उतरता येतं. रविवारवर हे काम ढकलू नका. त्या दिवशी बाजारही बंद आणि मेगाब्लॉकही त्याच दिवशी.

खरेदी करताना:

- एनबीसी, टिमकेन, एसकेएफ अशा नामांकित कंपन्यांची नक्कलही बाजारात फिरते. खोक्यावरचा नंबर आणि बेरिंगवर कोरलेला नंबर एकच आहे ना, कोरीव काम स्वच्छ आहे ना, ते बघा. नखाने पुसली जाणारी छपाई दिसली तर उठून या. एसकेएफचं तपासणीसाठी स्वतःचं मोबाइल ॲप आहे.
- जीएसटी बिल घ्या आणि त्यावर बेरिंगचा नंबर लिहून घ्या.
- ऑइल सील, लॉक वॉशर आणि हबचं गॅस्केट नवंच घ्या. सगळ्या कामातला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि काटकसर मात्र नेमकी इथेच केली जाते.
- ग्रीस लिथियम बेसचं, व्हील बेरिंगसाठी चालणारं, एनएलजीआय २ दर्जाचं. चेसिसच्या निपलमध्ये मारायचं स्वस्त ग्रीस हबमध्ये चालत नाही, ते गरम झालं की पातळ होऊन ब्रेक शूवर येतं.

हत्यारांमध्ये एकच गोष्ट खास लागते: स्पिंडलच्या मोठ्या नटाचा हब सॉकेट. छिन्नी-हातोडीने तो नट फिरवण्याची जुनी रीत आहे. नटाचे कोपरे खाल्ले जातात आणि किती आवळलं याचा अंदाजच राहत नाही. बाकी टॉर्क पान्हा, पितळी पंच, सर्क्लिप प्लायर, डोळ्यांवर गॉगल आणि भरपूर चिंध्या.

हब उघडताना

१. चाक जमिनीवर असतानाच व्हील नट सैल करा. खूप जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या किंवा नटाच्या तोंडावर ‘एल’ कोरलेला दिसला तर नट नेहमीच्या उलट दिशेने फिरतो. पाइप लावून जोर काढण्याआधी हे पाहा.

२. गाडी उचला, स्टँड लावा, चाक काढा. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर तेवढा आधार राहतो.

३. फ्री व्हील हब असेल तर ‘फ्री’वर आणा. बोल्ट, मग सर्क्लिप काढा. सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि फोटो काढा.

४. लॉक वॉशरची वाकवलेली जीभ सरळ करा. बाहेरचा चेक नट, वॉशर, आतला सेटिंगचा नट, या क्रमाने काढा.

५. ड्रम निघत नसेल तर ब्रेकचं ॲडजस्टर सैल करा. ड्रममध्ये धूळ साठलेली असते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ती तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

६. हब ओढताना बाहेरचं बेरिंग हातात झेला. ते जमिनीवर पडलं तर ते परत बसवू नका.

ग्रीस काय सांगतं

हब उघडल्यावर धुवायची घाई करू नका. आतलं ग्रीस बोटावर घेऊन बघा. दुधाळ, पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. पातळ असेल आणि गिअर ऑइलचा तिखट वास येत असेल, तर ॲक्सलच्या आतलं सील गेलं आहे. ते न बदलता नवं बेरिंग बसवलं तर नवं ग्रीसही धुऊन जाईल. वाळून काळं पडलेलं ग्रीस म्हणजे नट जास्त आवळला होता.

पाणी शिरण्याचं आणखी एक कारण सहसा कुणी बघत नाही: ॲक्सलचा ब्रीदर. गरम झालेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ॲक्सल सीलच्या ओठातून पाणी आत ओढतो. पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी रायत्याच्या पुलाकडे चढतं, तेव्हा त्या बाजूने जाणाऱ्यांनी ब्रीदर साफ आहे का हे आधी पाहावं. हबपर्यंत पाणी लागलं असेल तर आवाज येण्याची वाट न बघता हब उघडून ग्रीस बदला. पुराच्या नुकसानीचा विमा दावा करणार असाल, तर मात्र सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काहीच उघडू नका.

बेरिंग डिझेलमध्ये धुवा, पुसा, वाळू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवण्याचा मोह होतो. कोरडे रोलर त्यातच खराब होतात आणि पिंजरा तुटला तर रोलर उडतात. कपाच्या आतून नख फिरवा. खड्डे, पोपडे, निळसर डाग किंवा ठरावीक अंतरावर आडव्या रेघा असतील तर जोडी टाकून द्या. मग स्पिंडल बघा. बेरिंग बसतं तिथे पायरी लागत असेल तर कोन फिरत होता आणि स्पिंडल झिजलाय. हबमध्ये कप हाताने फिरत असेल तर हबच गेला. अशा हबमध्ये पंचाने टोचे मारून कप घट्ट बसवण्याचा जुगाड सर्रास चालतो. गाडी चौकापर्यंत न्यायला ठीक, माळशेज घाटाच्या उतारासाठी नाही.

बसवणं आणि नटाचं सेटिंग

जुना कप पितळी पंचाने, समोरासमोरच्या दोन खाचांवर आळीपाळीने ठोकून काढा. नवा कप बसवताना जुना कप वर ठेवून त्यावर पितळी पंचाने ठोका. कप तळाला टेकला की ठोक्याचा बोदा आवाज बदलून टणक होतो. त्यानंतर एकही ठोका नको. कडक पोलादाच्या रेसवर सरळ लोखंडी हातोडी कधीही मारू नका, तिचे कण डोळ्यांत उडतात.

ग्रीस बेरिंगच्या वरून चोपडून उपयोग नसतो. डाव्या तळव्यावर लिंबाएवढं ग्रीस घ्या. बेरिंगची रुंद बाजू तळव्याकडे धरून कडेने दाबत ओढा. रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूला ग्रीसच्या शेवया निघू लागल्या की तेवढा भाग भरला. असं गोल फिरत पूर्ण करा. हबच्या पोकळीत कपांच्या मधे पातळ थर पुरे. पोकळी ठासून भरली तर ग्रीस घुसळून तापतं आणि सीलवाटे बाहेर पडतं. सीलचा स्प्रिंगवाला ओठ बेरिंगच्या बाजूला ठेवायचा आणि त्यावर बोटभर ग्रीस लावायचं.

आता नट. टेपर बेरिंगमध्ये किती फट ठेवायची हे बेरिंग बनवणारा ठरवत नाही, तुमचा पान्हा ठरवतो. सैल राहिलं तर चाक डगमगतं, जास्त आवळलं तर जळतं. आणि घट्ट बेरिंग सैलापेक्षा धोक्याचं, कारण चाक जाम होईपर्यंत ते खटखट करत नाही.

- हब हाताने सतत फिरवत राहा आणि आतला नट आवळत जा. डाना पद्धतीच्या पुढच्या ॲक्सलला मॅन्युअलमध्ये सुमारे ५० फूट-पौंड, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. हब न फिरवता आवळलं तर रोलर जागेवर बसत नाहीत.
- मग नट सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्या. षटकोनी नट असेल तर बरोबर एक बाजू. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.
- लॉक वॉशर घाला, चेक नट आवळा आणि पुन्हा तपासा. चेक नट आवळला की आतला नट किंचित आत दाबला जातो आणि सेटिंग बदलतं. तीन महिन्यांच्या घरघरीचं मूळ बहुतेक इथे सापडतं.
- हब बोटाने सहज फिरायला हवा, आणि धरून हलवल्यावर फट हाताला जेमतेम जाणवावी किंवा जाणवूच नये. मनासारखं होईपर्यंत पुन्हा सैल करा, पुन्हा आवळा. तीन-चार वेळा करावं लागलं तर त्यात कमीपणा नाही.
- शेवटी वॉशरची जीभ नटावर वाकवा. जुन्या वॉशरची जीभ दुसऱ्यांदा वाकवली की तुटते.

ड्रमच्या आत किंवा शूवर ग्रीस लागलं असेल तर ड्रम ब्रेक क्लीनरने पुसा. शू ग्रीसने भिजले असतील तर बदला, तापवून किंवा घासून ते सुधारत नाहीत. ब्रेकचं ॲडजस्टर परत जुळवा. दोन्ही फ्री व्हील हब एकाच खुणेवर आहेत का पाहा. व्हील नट समोरासमोर आवळा.

पहिली फेरी

पहिले पाच किलोमीटर गर्दी नसलेल्या रस्त्यावर, सावकाश. थांबून दोन्ही पुढच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एक चटका देत असेल तर नट घट्ट आहे किंवा ब्रेक घासतोय, तसंच पुढे दामटू नका. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा आवळा आणि वर-खाली हलवण्याची परीक्षा पुन्हा करा.

ग्रीस मिसळलेलं डिझेल गटारात ओतू नका. ते वालधुनी आणि उल्हासलाच जाऊन मिळतं. बाटलीत भरून ओळखीच्या गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात टाका.

काम गॅरेजला दिलं तर

- कामाआधी लेखी अंदाज घ्या. त्यात बेरिंगची कंपनी, नंबर आणि ‘सीलसह’ हे शब्द असू द्या.
- जुने भाग परत मागा, आणि हे गाडी देतानाच सांगा. कोन बदलला आणि कप जुनाच ठेवला, ही चलाखी जुने भाग मागितल्यावरच उघडी पडते.
- बिल देण्यास नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानाच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं, तरी सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेणं दुकानदाराला बंधनकारक आहे.
- दाद मागण्याआधी लेखी तक्रार द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. माल मुंबईत घेतला असला तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यात, तक्रार करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

बेरिंग बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या भाषेत गाडीतला ‘बदल’ नाही, त्यासाठी आरटीओची परवानगी लागत नाही. हब, ॲक्सल किंवा टायरचं माप बदलणार असाल तर मात्र आधी चौकशी करा. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते. तुमची तारीख जवळ आली असेल तर बेरिंगचं काम तिच्या महिनाभर आधी उरका, म्हणजे शंभर किलोमीटरनंतरची तपासणीही त्याआधी झालेली असेल.